कट्टर प्रतिस्पर्धा आणि प्रेक्षकांची हिंसा

दोन संघांमधली चुरस वर्षानुवर्षे मुरत जाते आणि एका संघाचा समर्थक असणे म्हणजे दुसऱ्याचा विरोधक असणे, असे समीकरण होऊन बसते. अशा चुरशीला कट्टर प्रतिस्पर्धा म्हणतात. अशा सामन्यांच्या आगेमागे समर्थकांकडून होणारी मारहाण, दगडफेक, जाळपोळ आणि मैदानात घुसणे या साऱ्याचा समावेश प्रेक्षकांच्या हिंसेत होतो. स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीलाही सर्रास याच खात्यात टाकले जाते. ते चूक आहे, आणि त्या चुकीमुळे पुढचे मृत्यू टाळण्याच्या संधी वाया गेल्या आहेत.

याचे दाखले फार जुने आहेत. इ.स. ५९ मध्ये पाँपेई नगरात ग्लॅडिएटरांचे खेळ चालू असताना स्थानिक लोक आणि शेजारच्या नुकेरियाहून आलेले प्रेक्षक यांच्यातले भांडण टोमण्यांवरून दगडांवर आणि दगडांवरून तलवारींवर गेले. रोमच्या सिनेटने पाँपेईत असे खेळ भरवण्यास १० वर्षे बंदी घातली. कॉन्स्टँटिनोपलमध्ये रथशर्यतींचे ‘निळे’ आणि ‘हिरवे’ हे गट एकमेकांचे हाडवैरी होते. इ.स. ५३२ मध्ये मात्र आपापल्या शिक्षा झालेल्या साथीदारांना माफी मिळावी म्हणून ते एक झाले आणि सम्राट जस्टिनियनवर उलटले. शहराचा मोठा भाग जळाला. शेवटी सैन्याने शर्यतीच्या मैदानातच लोकांची कत्तल केली. समकालीन इतिहासकार प्रोकोपियस मृतांचा आकडा ३० हजारांवर देतो.

कट्टर वैर क्वचितच निव्वळ खेळातून जन्मते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे फुटबॉल क्लब सेल्टिक आणि रेंजर्स यांच्या वैरामागे आयरिश कॅथलिक स्थलांतरित आणि स्कॉटिश प्रोटेस्टंट असा भेद उभा आहे. १९८० च्या स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यानंतर त्यांचे समर्थक मैदानातच भिडले. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये सामन्यांच्या जागी दारूवर बंदी आली. १३ मे १९९० रोजी क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये तिथला दिनामो आणि सर्बियातल्या बेलग्रेडचा रेड स्टार या फुटबॉल क्लबांच्या सामन्यात दंगल पेटली, तेव्हा क्रोएशियातल्या निवडणुकांना जेमतेम एक आठवडा उलटला होता आणि युगोस्लाव्हिया फुटण्याच्या बेतात होता. एल साल्वादोर आणि होंडुरास यांच्यातल्या जुलै १९६९ च्या चार दिवसांच्या लढाईला ‘फुटबॉल युद्ध’ म्हणतात. तिचे मूळ होंडुरासमध्ये गेलेल्या साल्वादोरी शेतकऱ्यांच्या आणि जमिनीच्या प्रश्नात होते. विश्वचषक पात्रतेच्या सामन्यांनी फक्त ठिणगी टाकली.

समर्थक असे का वागतो, यावर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. हेन्री ताज्फेल यांनी दाखवले की अगदी क्षुल्लक कारणाने दोन गट पाडले तरी माणसे आपल्या गटाला झुकते माप देऊ लागतात. रॉबर्ट चाल्दिनी आणि सहकाऱ्यांना १९७६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांत आढळले की आपला संघ जिंकला की विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे जास्त घालतात. जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’, हरल्यावर ‘ते हरले’ ही भाषाही त्यांनीच टिपली.

जमावात माणसाचे भान हरपते, हा गुस्ताव्ह ल बाँ यांचा १८९५ मधला सिद्धांत अजूनही बातम्यांतून डोकावतो. स्टीव्हन रायकर आणि क्लिफर्ड स्टॉट यांच्या अभ्यासाने तो बराच खिळखिळा केला आहे. जमावातही माणूस आपल्या गटाच्या रीतीने वागतो. पोलिसांनी सरसकट सगळ्यांनाच गुंड मानले, की शांत समर्थकही दंगलखोरांच्या बाजूला ढकलला जातो. पोर्तुगालमधल्या २००४ च्या युरो स्पर्धेत पोलीस साध्या गणवेशात समर्थकांमध्ये मिसळले, बोलले आणि गरजेपुरतेच हात उचलले. तिथे इंग्लिश चाहत्यांकडून फारसा त्रास झाला नाही. वेगळ्या दलाच्या ताब्यात असलेल्या आल्बुफेरा गावात मात्र दंगली झाल्या.

प्रेक्षक कायम एकसारखे नसतात, याचा पुरावा १९९९ चा आहे. जानेवारीत चेन्नईची कसोटी पाकिस्तानने १२ धावांनी जिंकली आणि प्रेक्षकांनी उभे राहून विजेत्यांना टाळ्या दिल्या. त्याच दोन संघांच्या सामन्यात पुढच्याच महिन्यात ईडन गार्डन्सवर सचिन तेंडुलकर धावबाद झाल्यावरून गोंधळ माजला. अखेर स्टँड रिकामे करून सामना संपवावा लागला.

आता मृत्यूंकडे वळू. ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये २९ मे १९८५ रोजी इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचे समर्थक इटलीच्या युव्हेंटसच्या समर्थकांवर धावून गेले, पळणारे लोक भिंतीशी चिरडले, भिंत कोसळली आणि ३९ जण मेले. ही हिंसाच होती. तरीही जीर्ण स्टेडियम आणि दोन गटांमधले तकलादू कुंपण यांचा त्यात वाटा होता. इजिप्तच्या पोर्ट सैदमध्ये १ फेब्रुवारी २०१२ रोजी पाहुण्या अल अहली संघाच्या समर्थकांवर हल्ला झाला आणि ७० हून अधिक माणसे मेली; पाहुण्यांना बाहेर पडायला वाट नव्हती आणि पोलीस बघत राहिले.

इतर प्रसंगांत तर वैरापेक्षा दारे आणि धूर यांनीच जीव घेतले. लिमामध्ये २४ मे १९६४ रोजी पेरूचा अर्जेंटिनाविरुद्धचा गोल नाकारला गेला आणि दोन प्रेक्षक मैदानात धावले. पोलिसांनी थेट स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला. लोक जिन्यांवरून खाली पळाले, तर तळाची लोखंडी दारे बंद. अधिकृत आकडा ३२८. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातल्या मलंगमध्ये अरेमा आणि पर्सेबाया यांच्या सामन्याला दंगा टाळण्यासाठी पाहुण्या संघाच्या समर्थकांना प्रवेशच नव्हता. म्हणजे भांडायला समोर कोणी नव्हते, तरी १३५ माणसे गेली, कारण पुन्हा तेच: स्टँडमध्ये अश्रुधूर आणि अरुंद दारांशी कोंडी. स्टेडियममध्ये अशा वायूचा वापर फिफाच्या सुरक्षा नियमांना आधीपासूनच मंजूर नव्हता.

शेफिल्डच्या हिल्सबरोमध्ये १५ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ जणांचा बळी गेला. तिथे कोणतीही हाणामारी झाली नव्हती. तरी दारुड्या समर्थकांनी घोळ केला, ही पोलिसांची बाजू कित्येक वर्षे खरी मानली गेली. २०१६ मध्ये ज्यूरीने मृत्यू बेकायदा ठरवले आणि समर्थकांना निर्दोष मानले, तोवर मृतांच्या घरच्यांची २७ वर्षे गेली होती. या घटनेनंतर ब्रिटनमधल्या मोठ्या स्टेडियममधली मैदानाभोवतीची जाळी निघाली आणि प्रत्येकाला बसायला खुर्ची आली. ज्ञात दंगलखोरांना नाव घेऊन बंदी घालण्याचा कायदाही तिथे आहे.

सगळ्याच पाहुण्या समर्थकांना बंदी हा सोपा उपाय अर्जेंटिनाने २०१३ मध्ये स्वीकारला. बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट या तिथल्या क्लबांमधल्या, कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लब स्पर्धेच्या २०१८ च्या अंतिम फेरीतही तो लागू होता. तेव्हा हल्ला स्टेडियमबाहेर, बोकाच्या बसवर झाला. सामना अखेर ९ डिसेंबरला माद्रिदमध्ये खेळवला गेला, दोन्ही बाजूंच्या समर्थकांसमोर.