सेल्फचं बटण चालत नाही? स्विच काढण्याआधी हे वाचा

(जुन्या होंडा सीबी गाड्या वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या उजव्या हाताच्या (हँडलवरच्या, सेल्फचं बटण असलेल्या) स्विचांत दोष स्विचचा नसतो, असंच जास्त वेळा होतं. आम्ही तो उघडतो, साफ करतो, मीटर लावून बघतो आणि परत पाठवतो. ग्राहक बसवतो, बटण दाबतो, आणि गाडी पहिल्यासारखीच गप्प. मग फोन येतो. कुरिअरचे पैसे दोनदा जातात, आमचा वेळ जातो आणि गाडी तिथेच उभी राहते. म्हणून हे पत्रक. इथली चाचणी घरी करता येते. लागतो फक्त एक साधा मल्टिमीटर आणि वायरचा एक तुकडा.

कोणत्या गाड्या ते आधी सांगतो. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांपैकी जावा, येझदी, राजदूत, जुनी बुलेट या सगळ्या किकच्या. सेल्फचा प्रश्न येतो तो बाहेरून आलेल्या गाड्यांवर, त्यातही मुख्यतः १९६८ ते १९७३ च्या ट्विन सिलिंडर सीबी ३५० वर आणि १९६९ मध्ये आलेल्या चार सिलिंडरच्या सीबी ७५० वर. २०२० पासून भारतात मिळणारी हायनेस सीबी ३५० ही वेगळी गाडी आहे. तिचे स्विच आम्ही करत नाही, आणि खाली लिहिलेलं तिला लागू पडत नाही.

बटणात पॉझिटिव्ह जात नाही, अर्थ येतो

सगळा घोळ इथे आहे. (अर्थ म्हणजे अर्थिंग, बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारा मार्ग.) सेल्फच्या बटणाला बॅटरीचा पॉझिटिव्ह येतो आणि बटण दाबलं की तो पुढे सोलेनॉइडला (बॅटरी आणि सेल्फची मोटर जोडणारा चुंबकी स्विच) जातो, असं बहुतेक इलेक्ट्रिशियन धरून चालतात. या होंडांवर रचना उलटी आहे. इग्निशन चालू केलं की काळ्या वायरने सोलेनॉइडच्या कॉइलला १२ व्होल्ट आधीच पोहोचलेले असतात. कॉइलचं दुसरं टोक पिवळ्या-लाल वायरने (पिवळ्यावर लाल रेघ) हेडलाइटच्या वाटीतून हँडलवरच्या बटणापर्यंत येतं. बटण दाबलं की ही वायर स्विचच्या धातूच्या खोक्याला टेकते. खोकं हँडलला, हँडल क्लँपला, क्लँप वरच्या ब्रिजला (फोर्क आणि हँडल धरणारा वरचा भाग), तिथून स्टिअरिंगचा दांडा आणि बेअरिंग, मग फ्रेम, आणि फ्रेमवरून बॅटरीचा निगेटिव्ह. एवढा फेरा पुरा झाला तर सोलेनॉइड खटका मारतो.

म्हणूनच बटणाला वायर एकच असते. दुसरी तुटून पडलेली नाही, ती कधी नव्हतीच. तिचं काम हँडल करतं.

आता गाडी रिस्टोअर होताना काय होतं ते बघा. फ्रेम, क्लँप, कधी हँडलसुद्धा पावडर कोटिंगला जातं. भट्टीत १८०–२०० अंशांना भाजलेला तो थर दिसायला सुंदर असतो, पण वीज अजिबात जाऊ देत नाही. स्विचचं खोकं बाहेरून काळं करताना आतूनही रंग बसतो. हँडल रबरी बुशांवर बसवलेलं असेल तर मार्ग तिथेच तुटतो. क्रोमचं काही वाकडं नाही, क्रोममधून वीज जाते. क्रोमखाली गंज फुगला असेल तर मात्र क्लँपच्या जागी तो खरवडावा लागतो.

गाडी जोडून झाली, बटण गप्प. इलेक्ट्रिशियन स्विच उघडतो, एकच वायर बघतो, आणि "करंटच येत नाही" म्हणून तिला सरळ बॅटरीचा पॉझिटिव्ह देतो. ही चूक सगळ्यांत महाग पडते. अर्थ तुटलेला आहे तोवर काही होत नाही. पण क्लँप हलून कुठे रंग खरवडला गेला आणि अर्थ मिळाला, की बटण दाबताच बॅटरीचा पॉझिटिव्ह थेट हँडलला जाऊन भिडतो. मध्ये कॉइल नाही, करंट अडवायला काही नाही. नशिबाने फ्यूज असेल तर तो उडतो, नाहीतर वायरचं आवरण वितळतं आणि बटणाचा पितळी कॉन्टॅक्ट जळून खड्डे पडतात. असा स्विच मग खरोखरच दुरुस्तीचा होतो, आणि आमच्याकडे येतो. धंदा म्हणून आम्हाला चालतं, पण पन्नास वर्षं टिकलेला मूळ कॉन्टॅक्ट असा जाऊ नये.

घरची चाचणी

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि न्यूट्रलमध्ये ठेवा. सीबी ३५० ला गिअर ओळखणारी कुठलीही सेफ्टी नाही. गिअर पडलेला असला तर सेल्फ गाडीला पुढे ढकलतोच. नंतरच्या काही मॉडेलांवर न्यूट्रल आणि क्लचचा सेफ्टी स्विच मध्ये येतो, पण त्यावर विसंबू नका, तोही तितकाच जुना आहे.

आधी बॅटरी. विसावलेली आणि पूर्ण चार्ज असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. अर्धमेल्या बॅटरीवर केलेल्या चाचणीतून काहीच कळत नाही.

हेडलाइटची वाटी उघडा, पिवळ्या-लाल वायरचा बुलेट कनेक्टर (गोळीच्या आकाराचा जोड) शोधून ओढा. दोन टोकं मिळतील: एक हँडलकडे जाणारं, एक हार्नेसमध्ये, म्हणजे सोलेनॉइडकडे जाणारं. इग्निशन चालू करा आणि हार्नेसकडचं टोक वायरच्या तुकड्याने इंजिनाच्या उघड्या धातूला क्षणभर टेकवा. टेकवल्याबरोबर सेल्फ फिरला, तर सोलेनॉइड, मोटर, जाड केबल, बॅटरी सगळं ठीक आहे. दोष बटणात किंवा बटणाच्या अर्थात. नुसता "टक्" झाला आणि मोटर फिरली नाही, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट, जाड केबलींची टोकं किंवा मोटर बघा. तुमच्या स्विचचा त्यात काही संबंध नाही, तो आम्हाला पाठवू नका. टक् सुद्धा झाला नाही, तर सोलेनॉइडकडच्या काळ्या वायरवर १२ व्होल्ट येतात का ते आधी पाहा.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशीही तक्रार "सेल्फचं बटण खराब" म्हणून येते. इंजिन बंद करायचा किल स्विच बघा. सीबी ३५० वर तो फक्त इग्निशन कॉइल बंद करतो, सेल्फ अडवत नाही.

पहिल्या चाचणीत सेल्फ फिरला असेल, तर आता बटण दोषी की अर्थ, हे ठरवायचं. कनेक्टर परत जोडा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक हँडलच्या उघड्या धातूवर (कोटिंग असेल तर स्विचच्या स्क्रूच्या डोक्यावर), काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर. कोणाला तरी बटण दाबायला सांगा. मीटर ०.२ व्होल्टच्या आत राहिला आणि सोलेनॉइड गप्प, तर बटणाचा कॉन्टॅक्ट गेला आहे. मीटर एक, दोन, पाच, कधी पूर्ण बारा व्होल्ट दाखवू लागला, तर बटण आपलं काम करत आहे आणि अर्थ मेलेला आहे.

इथे मीटरच्या "बीप"वर जाऊ नका. बऱ्याच मीटरांचा बीप ३०–४० ओहमलाही वाजतो. सोलेनॉइडची कॉइल जेमतेम ३ ते ५ ओहमची असते. समजा ४ ओहम धरली, तर १२ व्होल्टला ती ३ अँपिअर घेते. वाटेत गंजाने किंवा रंगाने आणखी ४ ओहम घातले की करंट निम्मा, कॉइलला मिळतात ६ व्होल्ट, आणि सोलेनॉइड नुसता तडतडतो किंवा गप्प बसतो. बीप मात्र ठणठणीत वाजतो, आणि "वायरिंग चेक केलं, ओके आहे" असं आम्हाला फोनवर सांगितलं जातं.

बटण खरंच गेलं असेल तर

स्विच स्वतः साफ करायचा असेल तर जरूर करा, अवघड नाही. पहिल्यांदा बॅटरीचा निगेटिव्ह काढा. खोक्याचे खालचे दोन स्क्रू जपानी जेआयएस खाचेचे आहेत. आपला नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात पुरता बसत नाही, उसळतो आणि खाच गोल करतो. जेआयएस २ नंबरचा पेचकस घ्या, आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइलचे दोन थेंब सोडा. हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर इथे वापरू नका, ओतीव खोकं तडकतं आणि ते कुठे मिळत नाही.

उघडताना खाली पांढरं फडकं अंथरा, नाहीतर पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा. बटणाची बारीक स्प्रिंग आणि किल स्विचची छोटी पोलादी गोळी उडाली की सापडत नाही. दर पायरीला मोबाइलवर फोटो काढा.

आत वाळून मेणासारखं झालेलं जुनं ग्रीस असेल. ते कॉन्टॅक्ट क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. पेट्रोल नको, काही प्लास्टिक त्याने मऊ पडतं. कोकण आणि गोव्याकडच्या गाड्यांत पितळेवर हिरवी बुरशी दिसते, ती खाऱ्या हवेची. १००० नंबरच्या वॉटर पेपरचा बारीक तुकडा दोन-तीनदा फिरवला की पुरे. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासू नका, पातळ कॉन्टॅक्ट आहे, त्यावरचे चरे पुढच्या गंजाला वाट देतात. शेवटी सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात. ग्रीस वीज नेत नाही, ते फक्त ओल अडवतं, तेव्हा ते थापून भरून उपयोग नाही.

वायर नव्याने झाळायची असेल तर २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न आणि रोझिनचा सोल्डर घ्या. तीन-चार सेकंदांच्या वर टेकवून ठेवला तर खालचं प्लास्टिक बसकतं. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची.

हँडलमधून जिथे वायर बाहेर येते त्या भोकाची कड बोटाने चाचपा. ती धारदार असेल तर घासा आणि वायरवर रबर किंवा स्लीव्ह चढवा. ही वायर कुठेही सोलली जाऊन हँडलला टेकली, की बटण दाबल्यासारखंच होतं. इग्निशन चालू करताच, किंवा हँडल एका बाजूला वळवताच सेल्फ आपोआप फिरतो. ही तक्रार आली की आम्ही आधी त्या भोकाकडे जातो, नंतर खोक्याच्या दोन अर्ध्या भागांत वायर चिमटली आहे का ते पाहतो.

आमची जादा हिरवी वायर

आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक स्विचच्या खोक्यात आतून एक हिरवी वायर बसवलेली असते, रिंग टर्मिनल आणि दातेरी वॉशरसह. ती हँडलमधून हेडलाइटच्या वाटीत नेऊन हिरव्या, म्हणजे अर्थच्या, वायरींच्या झुबक्यात जोडायची. मग हँडल रंगवलेलं असो, रबरावर असो, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरलेलं असो, बटणाला अर्थ सरळ मिळतो.

काही जाणकार ग्राहकांना हे पटत नाही. कारखान्यातून आलेल्या स्विचला ही वायर नव्हती, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण कारखान्यातून आलेल्या हँडलला पावडर कोटिंगही नव्हतं. वायर बाहेरून दिसत नाही, कुठे भोक पाडावं लागत नाही, पाच मिनिटांत काढता येते. प्रदर्शनासाठी मूळ स्थितीतच हवा असेल तर पाकिटावर "हिरवी वायर नको" असं लिहा, आम्ही लावणार नाही. मात्र त्या स्विचवर आमची हमी फक्त कॉन्टॅक्टपुरती राहील.

गाडी अजून कोटिंगला जायची असेल, तर कोटिंगवाल्याला चार जागा उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकायला सांगा: हँडलवर स्विच बसतो ती जागा, हँडलवर क्लँप बसतो ती, वरच्या ब्रिजचा खाचा, आणि फ्रेमवर बॅटरीच्या निगेटिव्हचा बोल्ट. प्लास्टिक आत असताना स्विचचं खोकं भट्टीत देऊ नका. असे स्विच आम्ही परत करतो, त्यांची दुरुस्ती होत नाही.

पाठवताना

स्विच सोडवायला सोपा जावा म्हणून वायरी खोक्याजवळ कापू नका. कनेक्टरपाशी सोडवा आणि पूर्ण लांबीसह पाठवा. कापलेल्या वायरी जोडायच्या तर रंग आणि जाडी जुळवावी लागते, त्याची मजुरी वेगळी लागते आणि सांधा हँडलच्या आत जातो, जिथे तो असायला नको. जपानी बुलेट कनेक्टर ३.९ मिलिमीटरचे असतात, जुन्या ब्रिटिश गाड्यांचे ४.७ चे. बाजारात मिळतील ते लावून टाकले की सैल राहतात. मूळ मापाचे आम्ही ठेवतो, हवे असतील तर सोबत मागवा.

खोक्याचे दोन्ही अर्धे भाग, स्क्रू आणि सुटे निघालेले सगळे तुकडे छोट्या झिप पिशवीत घाला, निरुपयोगी वाटले तरी. नवा बाजारू स्विच बसवायचा विचार असेल, तर तो प्लास्टिकच्या खोक्याचा आहे का ते बघून घ्या. प्लास्टिकमधून हँडलचा अर्थ मिळत नाही, त्याला वेगळी वायर लागतेच.

सोबत चिठ्ठीत गाडीचं मॉडेल, अर्थच्या चाचणीत मीटरने दाखवलेला आकडा, आणि बटणाला कोणी पॉझिटिव्ह दिला होता का, एवढं लिहा. पॉझिटिव्ह दिलेला असेल आणि हार्नेसमध्ये तसाच राहिला असेल, तर आमचा दुरुस्त स्विच बसवण्याआधी तो काढा. तो जागेवर असताना बटण दाबलं तर नवा कॉन्टॅक्टही पहिल्याच दाबाला जळेल, आणि तो हमीत बसत नाही.