अक्षर सोडायचं की धरायचं? जपानी शाईचं जुनं भांडण

जपानी कॅलिग्राफी मॉडर्न झाली म्हटलं की आपल्याला ते व्हिडिओच आठवतात, हाकामा (घोळदार पारंपरिक जपानी पोशाख) घातलेल्या शाळकरी मुली, जमिनीवर भलाथोरला कागद, झाडूएवढा ब्रश आणि मागे पॉप गाणं. मजा येते बघायला, खोटं कशाला बोलू. पण मूळ भांडण १८८२ चं आहे.

तेव्हा मेजी काळ, सगळीकडे पाश्चात्त्य वारं, आणि कोयामा शोतारो नावाच्या ऑइल पेंटिंगवाल्याने सरळ लिहून टाकलं की शोदो, म्हणजे ही जपानी कॅलिग्राफी, कला नाहीच. ओकाकुरा या कलाविचारवंताने त्याचे मुद्दे एकेक करून खोडले. (हाच ओकाकुरा पुढे कलकत्त्याला येऊन राहिला, मग १९०३ मध्ये त्याच्या गोटातले चित्रकार ताइकान आणि शुन्सो आले, रेषा पुसून नुसत्या धूसर छटांत रंगवणारे, आणि त्यांचं बघून अवनींद्रनाथ टागोरांनी वॉश, म्हणजे पातळ रंगाचे धूसर थर देत रंगवायची पद्धत, उचलली.) पण शोदोवरचा शिक्का काही लवकर पुसला गेला नाही, निट्टेन या मोठ्या प्रदर्शनात तिला जागा मिळाली ती थेट १९४८ मध्ये.

त्याच्या तीन वर्षं आधी हिदाई नानकोकूने खरी काडी टाकली होती. वडील तेनराई म्हणजे आधुनिक शोदोचे जनकच, आणि पोराने 'वीज' या अक्षराचं प्राचीन रूप घेऊन ते इतकं मोकळं सोडलं की वाचताच येईना, फक्त रेषा उरली. मग प्रश्न असा की वाचता येत नसेल तर ती शोदो कशी?

१९५२ मध्ये मोरिता शिर्यू, इनोउए युइची वगैरे पाच जणांनी क्योतोत बोकुजिनकाई ग्रुप काढला. मोरिताच्या 'बोकुबी' मासिकाने आदल्याच वर्षी पहिल्या अंकात न्यूयॉर्कच्या फ्रान्झ क्लाइनची काळीपांढरी चित्रं छापलेली, दोन्हीकडून कौतुक चाललेलं, पण पुढे क्लाइननेच या नात्यातून अंग काढून घेतलं.

मला यात सगळ्यात भारी वाटतो तो इनोउए. पेशाने शाळामास्तर, १९४५ च्या टोकियो बॉम्बिंगमधून शाळेतच कसाबसा वाचलेला. यानेही अक्षर सोडून बघितलं, शाईऐवजी इनॅमल पेंट फासून बघितला, आणि १९५६ मध्ये परत अक्षराकडेच आला, 'गुतेत्सू' ही दोन अक्षरं लिहून, जी पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात लागली. नंतर तर 'गरिबी' हे एकच अक्षर तो पुन्हा पुन्हा लिहीत राहिला, आणि त्याच्या हातचं ते अक्षर बघा, पाय फाकवून कुठेतरी निघालेल्या माणसासारखं दिसतं.