युद्धकाळातील व्यापारी टोकनांचा संग्रह (मराठवाडा)

दुसऱ्या महायुद्धात बाजारातली चिल्लर आटली, तेव्हा दुकानदारांनी मोड म्हणून दिलेल्या चिठ्ठ्या, पुठ्ठ्याचे तुकडे व धातूचे बिल्ले जमवण्याचा छंद. धातू युद्धाकडे वळला होता आणि लोकांनी नाणी दाबून ठेवली होती. ब्रिटिश मुलखात १९४३ साली भोकाचा पैसा निघाला, वजन जेमतेम २ ग्रॅम; आधीचा जवळपास ५ ग्रॅमचा होता. तिथे १८८९च्या कायद्याने खासगी धातूचे बिल्ले पैसे म्हणून चालवायला बंदी होती, त्यामुळे कागद-पुठ्ठ्यावर भागवावे लागे.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून इथे हाली सिक्का, म्हणजे निजामाचे स्वतःचे चलन. ब्रिटिश रुपया तो कलदार. ७ हाली म्हणजे ६ कलदार. नुसते ‘१ आणा’ लिहिलेला तुकडा मिळाला तर तो कोणता आणा, हे आधी ठरवावे. सोलापूर किंवा मनमाडचा असेल तर बहुधा कलदार. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर कधी अक्षरे नसून रेघाच असतात: एक उभी रेघ पावली (चार आणे), दोन अधेली (आठ आणे), तीन बारा आणे.

सर्वाधिक फसगत सालात होते. निजामी दप्तराचे साल फसली. इसवी सन काढायला त्यात ५९० मिळवावे. १३५२ फसली म्हणजे १९४२-४३. तेच हिजरी समजले तर १९३३ येते आणि युद्धाचा तुकडा शांततेच्या खणात जातो. निजामाच्या नाण्यांवर मात्र हिजरी साल असते. शके असेल तर ७८ मिळवावे.

मोंढ्यातले (धान्यबाजारातले) पोती मोजायचे हमाली बिल्ले आणि हॉटेलातले चहाचे टोकन या संग्रहात बसत नाहीत. ‘नये पैसे’ असलेला तुकडा तर १९५७ नंतरचाच.

पुठ्ठा अंधारात अतिनील टॉर्चखाली धरावा. निळसर पांढरा चमकला तर कागद साधारण १९५० नंतरचा, म्हणजे नक्कल. पितळी बिल्ला चिंचेने किंवा पितांबरीने कधीच घासू नये. कडेची झीज व जुना रंग गेला की वयाचा पुरावाच जातो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात धातूवर हिरवा चिकट थर चढतो, म्हणून पॉलिस्टरची पाकिटे घ्यावीत. नोंदीत वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये, दोन्ही बाजूंचा मजकूर आणि मिळाल्याचे ठिकाण हवे.

चिठ्ठी जुन्या रोजकीर्दीत (रोजच्या हिशेबाच्या वहीत) सापडली तर ती एकटी विकत घेऊ नये. कोणत्या पानात होती ते टिपून वहीसकट घ्यावी. दुकानाचे नाव आणि तारीख बहुतेकदा त्या पानावरच, मोडी लिपीत असते.