एका कलाकृतीसमोर थांबणे: कलारसग्रहणाच्या एका पद्धतीची पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांना संग्रहालयाची सगळी दालने फिरवून आणण्याऐवजी एकाच कलाकृतीसमोर बसवायचे, ती निवांतपणे पाहू द्यायची आणि मग त्यांना बोलते करायचे, ही कलारसग्रहणाची पद्धत आज अनेक देशांतील संग्रहालयांत रुळली आहे. तिच्या घडणीत शिक्षणशास्त्राचा वाटा मोठा आहे. पण तितकाच मोठा वाटा दुसऱ्या महायुद्धातील एका टंचाईचा आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही.

एकेक चित्र घेऊन मुलांना शिकवण्याचा प्रयत्न त्यापूर्वीही झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रांच्या छापील प्रती स्वस्त झाल्या आणि त्या शाळांच्या भिंतींवर पोहोचल्या. इंग्लंडमध्ये शाळांना अशा प्रती पुरवण्यासाठी १८८३ मध्ये एक संस्था स्थापन झाली व कलासमीक्षक जॉन रस्किन तिचे अध्यक्ष झाले. अमेरिकेत ‘चित्राभ्यास’ हा शालेय कार्यक्रमाचा भाग बनला आणि मासाचुसेट्समधील पेरी कंपनीच्या एका सेंटला एक मिळणाऱ्या प्रती वर्गावर्गांत गेल्या. परंतु या धड्यांत चित्र हे निमित्तमात्र असे. फ्रेंच चित्रकार मिले यांचे ‘एंजेलस’, म्हणजे शेतात काम थांबवून प्रार्थना करणाऱ्या जोडप्याचे चित्र, दाखवायचे ते श्रम आणि प्रार्थनेचे महत्त्व सांगण्यासाठी, इटालियन चित्रकार राफाएलची मॅडोना, म्हणजे बाळ येशूसह माता मेरी, दाखवायची ती मातृप्रेमाची शिकवण देण्यासाठी. उत्तर आधीच ठरलेले असल्यामुळे मुलांना चित्रात शोधण्यासारखे फारसे काही उरत नसे. या प्रयत्नाचे बाह्य रूप आजच्या पद्धतीसारखे दिसते, पण त्याचा आत्मा मला तिच्या अगदी उलट वाटतो.

प्रत्यक्ष संग्रहालयांत अडचण वेगळीच होती. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातील बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयीन थकव्या’वर एक लेख लिहिला. कपाटांतील वस्तू नीट पाहण्यासाठी माणसाला किती वाकावे आणि मान वळवावी लागते, हे त्यांनी छायाचित्रांसह दाखवून दिले. भरगच्च मांडणीने पाहणाऱ्याचे शरीर शिणते आणि मग डोळे वस्तूंवरून नुसते घसरत जातात, हे त्यांचे निरीक्षण आजही शाळेच्या कोणत्याही सहलीत पडताळून पाहता येते. मात्र भिंती रिकाम्या करण्याचे धाडस कोणतेही मोठे संग्रहालय आपणहून करणार नव्हते.

लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या भिंती युद्धाने रिकाम्या केल्या. १९३९ च्या उन्हाळाअखेरीस, युद्ध पुकारले जाण्याच्या आधीच, तेथील चित्रे वेल्समध्ये हलवण्यात आली आणि १९४१ मध्ये ती मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत सुरक्षित ठेवली गेली. रिकाम्या इमारतीत पियानोवादक मायरा हेस यांनी दुपारच्या सुट्टीतील संगीत मैफली सुरू केल्या. बाँबहल्ल्यांत इमारतीचे नुकसान झाले, तरी लोक येत राहिले. जानेवारी १९४२ मध्ये शिल्पकार चार्ल्स व्हीलर यांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहून मागणी केली की, लंडनचा चेहरा जखमांनी भरलेला असताना सुंदर वस्तू पाहण्याची गरज अधिकच आहे, म्हणून काही श्रेष्ठ चित्रे तरी पुन्हा लोकांसमोर यावीत. संचालक केनेथ क्लार्क आणि विश्वस्त यांनी ती मान्य केली. सगळा संग्रह धोक्यात घालणे शक्यच नव्हते. त्यामुळे खाणीतून दरमहा एकच चित्र आणायचे असे ठरले.

आरंभीच्या चित्रांत सोळाव्या शतकातील इटालियन चित्रकार तिशियनचे ‘नोली मे तांगेरे’ होते. पुनरुत्थानानंतर ख्रिस्त आपली अनुयायी मेरी मॅग्दालीन हिला भेटतो आणि ‘मला स्पर्श करू नकोस’ असे सांगतो, तो हा प्रसंग. गुडघे टेकलेल्या मेरीचा हात पुढे झाला आहे. ख्रिस्त अंगावरचे पांढरे वस्त्र सावरत मागे सरतो आहे, पण त्याचे डोके व धड मात्र तिच्याकडेच झुकले आहे. नकार आणि माया एकाच देहात दाखवणारी ही रचना शेजारून चालत जाणाऱ्याला दिसत नाही. तिच्यासमोर थांबावे लागते. शेजारी दुसरे चित्रच नसल्यामुळे लंडनकरांना तसे थांबता आले. येथे कोणी मुद्दाम प्रयोग मांडला नव्हता, तरी एक चित्र पुरेसे असते हे त्यातून दिसले. ‘महिन्याचे चित्र’ ही प्रथा युद्धानंतरही त्या संस्थेच्या स्मरणात राहिली.

पाहणाऱ्याच्या मनात काय घडते, याचा पद्धतशीर शोध पुढे अमेरिकेत घेतला गेला. मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनी लोकांना चित्रासमोर मोठ्याने विचार करायला सांगून त्यांच्या आकलनाचे टप्पे मांडले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या शिक्षण विभागाचे प्रमुख फिलिप येनावाइन यांच्यासह त्यांनी वर्गासाठी पद्धत तयार केली. तिच्यात शिक्षक तीनच प्रश्न विचारतो: या चित्रात काय चालले आहे, तुला असे कशावरून वाटते, आणि आणखी काय दिसते? दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण तो मत आणि पुरावा यांची गाठ घालतो. या पद्धतीत माहिती फार काळ अडवून धरली जाते, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तिशियनच्या चित्रातील मेरीने ख्रिस्ताला प्रथम माळी समजले होते, हे कळल्याशिवाय त्याच्या हातातील कुदळीचा अर्थ लागत नाही. पण मुलाने कुदळ आधी स्वतः पाहिलेली असावी, एवढा क्रम सांभाळायला हवा.

नॅशनल गॅलरीनेच १९९५ मध्ये प्राथमिक शाळांसाठी ‘टेक वन पिक्चर’ हा उपक्रम सुरू केला. एक चित्र निवडायचे, शिक्षकांनी त्यावरून कोणत्याही विषयाचे काम उभे करायचे आणि मुलांच्या निवडक कामाचे प्रदर्शन गॅलरीत भरवायचे, अशी त्याची रीत आहे. अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातील कलेतिहासकार जेनिफर रॉबर्ट्स तर विद्यार्थ्यांना एका चित्रासमोर सलग तीन तास बसायला सांगतात. अमेरिकन चित्रकार कॉप्ले यांचे १७६५ चे ‘खार व मुलगा’ हे चित्र पाहताना मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटावरील झालरीशी जुळतो, हे स्वतः त्यांच्याही लक्षात यायला नऊ मिनिटे लागली होती.

महाराष्ट्रात शालेय कलाशिक्षणाचा कणा म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन या त्यांच्या विषयांत हाताचे कसब तपासले जाते. दुसऱ्याने केलेली कलाकृती पाहण्याला तेथे स्वतंत्र जागा नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधील फिरते संग्रहालय शाळांपर्यंत नेले आहे, आणि सातारा जिल्ह्यातील औंधच्या टेकडीवर भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या संग्रहालयात भारतीय व युरोपीय कलाकृती एकाच छताखाली आहेत. एका वर्गासाठी एका तासाला एकच कलाकृती लागते, आणि तेवढे सामर्थ्य राज्यातील लहानशा संग्रहालयाकडेही आहे.