निळ्या-हिरव्या माश्या : छायाचित्रावरून ओळख

द्विपंखी गणातील कॅलिफोरिडी कुलाच्या, धातूसारख्या चकाकणाऱ्या माश्या (ब्लोफ्लाय). बेळगावच्या मासळी बाजारात, खानापूर-जांबोटीकडे सडक्या फणसावर आणि चिकोडी-निपाणी भागात गुऱ्हाळाच्या आसपास त्या आढळतात.

भारतातील जातींची मूळ तपशीलवार मांडणी सीनियर-व्हाइट, ऑबर्टिन व स्मार्ट यांच्या ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतील 1940 च्या खंडात आहे. ती सूक्ष्मदर्शकाखालच्या नमुन्यासाठी केलेली असल्याने छायाचित्राला अर्धीच लागू पडते. रंगावर तर भिस्त ठेवूच नये. तीच माशी सावलीत हिरवी, फ्लॅशमध्ये निळी-जांभळी आणि जुनी झाली की तांबूस दिसते.

आधी कुलाची खात्री करावी. मागच्या पायाच्या मुळाच्या लगेच वर, धडाच्या बाजूला राठ केसांची उभी रांग हवी. शेणावर बसणारी हिरवी निओमायिया घरमाशीच्या कुलातली असून तिला ही रांग नसते. राखाडी धडावर तीन काळे पट्टे असतील तर ती सार्कोफॅगिडी (मांसमाशी) कुलातली.

क्रायसोमायिया या प्रजातीतील (जीनस) माश्यांच्या धडावरचे राठ केस आखूड व तुरळक असतात, उदरखंडांच्या मागच्या कडांना गडद पट्टे असतात. ल्युसिलिया प्रजातीचे राठ केस लांब व शिस्तीत असून उदरावर पट्टे नसतात. हेमिपायरेलिया ही प्रजाती मात्र ल्युसिलियाशी इतकी मिळतीजुळती आहे, की साध्या छायाचित्रावरून दोघींत फरक करू नये.

क्रायसोमायिया मेगासेफाला सर्वांत सोपी : गाल नारिंगी, मानेलगतचे श्वासरंध्र गडद तपकिरी. नराच्या डोळ्यात वरच्या मोठ्या व खालच्या बारीक नेत्रिकांमध्ये (संयुक्त डोळ्याचे सुटे घटक) आखल्यासारखी सीमा असते. तिचे मूळ वादग्रस्त आहे. जपानी कीटकतज्ज्ञ कुराहाशी यांनी पॅसिफिक बेटांवरील रानटी रूपातून माणसाच्या वस्तीला सरावलेले रूप निघाल्याचे मांडले. हे मत अधिक पटण्यासारखे वाटते.

क्रायसोमायिया रुफिफेशिसचे गाल फिकट, श्वासरंध्र पांढरे. तिची जुळी अल्बिसेप्स प्रामुख्याने आफ्रिका, भूमध्य प्रदेश ते वायव्य भारतात आढळते. रुफिफेशिसला श्वासरंध्राजवळ सहसा एक राठ केस असतो, अल्बिसेप्सला नसतो. पण तो तुटलेलाही असू शकतो. बेळगावच्या छायाचित्रावर रुफिफेशिस लिहिताना हा निर्णय केसापेक्षा भूगोलावरच टेकलेला असतो, हे नोंदीत लिहावे.

ल्युसिलिया सेरिकाटा आणि क्युप्रिना यांचा घोळ मोठा. ओळखीची अ‍ॅप युरोपीय छायाचित्रांच्या बळावर बहुधा सेरिकाटा सांगतात. डोक्याच्या मागे प्रत्येक बाजूला सेरिकाटाला सहा ते आठ बारीक केस असतात, क्युप्रिनाला बहुधा एकच. पुढची मांडी क्युप्रिनाची हिरवट चकाकते, सेरिकाटाची काळसर-निळी. केस दिसत नसतील तर ‘ल्युसिलिया’ एवढेच लिहून थांबावे.

म्हणून किमान चार कोन घ्यावेत : वरून, नेमके बाजूने, समोरून आणि डोक्याच्या मागून. पहाटेच्या गारव्यात माशी सुस्त असते. फ्लॅशपुढे बटर पेपर धरला नाही तर चकाकीत केस विरून जातात. शेजारी मोजपट्टी ठेवावी.

गुरांच्या जखमेत किडे पडले असता क्रायसोमायिया बेझियानाचा (जिच्या अळ्या जिवंत जनावराच्या जखमेत वाढतात) संशय असेल तर माशीचे छायाचित्र पुरत नाही, अळ्याच गोळा कराव्यात. त्या आधी कडक गरम पाण्यात बुडवून मग 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. थेट टाकल्यास काळ्या पडून आक्रसतात आणि मागच्या टोकाची श्वासरंध्रे वाचता येत नाहीत.