गोडा मसाला की काळा? पन्नास पानांच्या आमटीआधी विचारून घ्या

पुण्यातल्या बऱ्याच घरांत गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात. सोलापूर-मराठवाड्याकडे मात्र काळा मसाला म्हणजे झणझणीत, वेगळीच चीज. चार माणसांच्या स्वयंपाकात ही गफलत निभावून जाते, पंगतीत नाही.

सोसायटीच्या गणपतीत मी पहिल्यांदाच ५० जणांची आमटी करत होते. शेजारच्या काकूंनी प्रेमाने आणून दिलेला काळा मसाला मी गोडाच समजले. डबा उघडला तर भाजलेल्या कांद्याचा वास! आमच्याकडे नैवेद्याला कांदा-लसूण चालत नाही. पातेल्यात पडला असता तर सगळी आमटी पुन्हा करावी लागली असती.

गोड्या मसाल्यात धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, शहाजिरं, दालचिनी, लवंग. मिरची नसते किंवा अगदी नावापुरती. ‘गोडा’ म्हणजे साखर घातलेला नव्हे, तिखट नसलेला. आमटीला गोडी येते ती गुळाने. काळ्यातही यातले पुष्कळ जिन्नस असतात, पण लाल मिरची सढळ आणि कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजलेलं. काही घरांत लसूणही. तो मटणाच्या रश्शाला, शेंगोळ्यांना शोभतो. रंगावर जाऊ नका, चिमूटभर जिभेवर ठेवून बघा.

आता प्रमाण. सोबत पोळी-भाजी असेल तर ५० जणांना सव्वादोन किलो तूरडाळ पुरते, म्हणजे साधारण १५ वाट्या. घरी वाटीला २ चमचे गोडा मसाला घालत असाल, तर हिशेबाने ३० चमचे होतात. एकदम घालू नका. आधी २० घाला, चांगली उकळी येऊ द्या, चव बघा, मग उरलेला. मसाला नंतर वाढवता येतो, काढता येत नाही. तिखट काळा मसाला असेल तर अर्ध्यापासूनच सुरुवात करा. पाणीही सरळ पटीत नको, कारण मोठ्या पातेल्यात ते त्या मानाने कमी आटतं.

शिजलेली थोडी डाळ मी नेहमी बिनमिठाची, बिनमसाल्याची बाजूला ठेवते. हात जड पडलाच तर तीच घोटून आमटीत घालते.