विज्ञानकथेच्या कल्पना येतात कुठून?

विज्ञानकादंबरीकाराला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, 'हे सगळं सुचतं कसं?' विज्ञानाच्या ताज्या बातम्यांतून, असं उत्तर आपण गृहीत धरतो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. या साहित्यप्रकाराचा इतिहास पाहिला, तर विज्ञान शक्यता पुरवतं आणि कथा दुसरीकडूनच येते, असं माझं ठाम मत झालं आहे.

सुरुवात अर्थात मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'पासून, म्हणजे निर्जीव देहात प्राण फुंकणाऱ्या शास्त्रज्ञाच्या कादंबरीपासून. 1815 मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाजवळ पावसामुळे घरात अडकलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. अठरा वर्षांची मेरी त्यांच्यातच होती. हा किस्सा सगळे सांगतात, पण पावसाने तिला फक्त सवड दिली. शक्यता मिळाली ती विजेच्या प्रयोगांतून. इटालियन शास्त्रज्ञ गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने हलवून दाखवले होते. 1803 मध्ये त्याच्या भाच्याने, आल्दिनीने, लंडनमध्ये फाशी दिलेल्या कैद्याच्या देहातून वीज सोडली, तेव्हा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. पुढे 1831 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मेरीने या विद्युतप्रयोगांचा उल्लेख केला.

तरीही कादंबरीचं काळीज आणखी मागे सापडतं. 1815 च्या सुरुवातीला मेरीची अपुऱ्या दिवसांची मुलगी गेली. काही दिवसांनी तिने रोजनिशीत एक स्वप्न नोंदवलं: बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीपुढे चोळल्यावर ते जिवंत झालं. मेलेल्याला पुन्हा जीव यावा, ही आस तिला कोणत्याही प्रयोगशाळेने दिलेली नव्हती.

इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्सचंही तेच. 1877 मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्लीने मंगळावर रेषांचं जाळं पाहिल्याचं जाहीर केलं. पुढे पर्सिव्हल लॉवेलने ते बुद्धिमान जीवांनी खोदलेले कालवे असल्याचा दावा केला. मंगळवासी असे चर्चेत होतेच. वेल्सने 1898 मध्ये 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत त्यांना इंग्लंडवर उतरवलं, त्यामागे मात्र ऑस्ट्रेलियाजवळचं टास्मानिया बेट होतं. युरोपीय वसाहतवाल्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांचा संहार केला, तसंच कुणी आपल्यावर चालून आलं तर? कल्पना मूळची भावाची, फ्रँकची. वेल्सने पुस्तक त्यालाच अर्पण केलं आणि पहिल्याच प्रकरणात टास्मानियाचं नाव घेतलं. मंगळाचे कालवे पुढे दृष्टिभ्रम ठरले. कादंबरीला त्याची झळ लागली नाही, ती यामुळेच.

हा प्रवाह कधीकधी उलटाही वाहतो. रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडीचं रेडियमवरचं पुस्तक वाचून वेल्सने 1914 च्या एका कादंबरीत अणुबाँब कल्पिला. कृत्रिम किरणोत्सर्गाच्या शोधाला त्याने साल दिलं 1933. हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डने 1932 मध्ये ती कादंबरी वाचली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात अणुऊर्जेचा व्यावहारिक उपयोग म्हणजे वल्गना, असं नामवंत अणुशास्त्रज्ञ रदरफोर्डचं मत वृत्तपत्रात छापून आलं. त्याने चिडलेल्या झिलार्डला लंडनच्या रस्त्यावर चालताना साखळी अभिक्रियेची, म्हणजे एक अणू फुटून पुढचे अणू फुटत जाण्याची, कल्पना सुचली. 1934 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि नंतर गुप्तता राखावी म्हणून ते ब्रिटिश नौदलाकडे सोपवलं. धोका त्याने इतक्या लवकर ओळखला, त्यात वेल्सच्या कादंबरीचा वाटा होता, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे.

1944 च्या मार्चमध्ये तर अमेरिकेतल्या एका विज्ञानकथा मासिकात युरेनियम बाँबची कथा छापून आली आणि अणुबाँब प्रकल्पाचे सुरक्षा अधिकारी चौकशीला धावले. गुपित फुटलंय, अशी त्यांना शंका होती. फुटलेलं काहीच नव्हतं. युरेनियमच्या विखंडनाची, म्हणजे त्याचं अणुकेंद्र फुटण्याची, मूलभूत माहिती गुप्ततेचा पडदा पडण्याआधीच शोधपत्रिकांतून प्रसिद्ध झाली होती आणि कथेतलं भौतिकशास्त्र तिथूनच आलं होतं.